कोळ्याचं जाळं, कंदिलाचा सापळा



आजचा विषय मी ठरवलेला नाही, इंदूरच्या एका ताईंनी ठरवलाय. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या साताऱ्याला नातेवाइकांकडे आल्या होत्या. तिथून कासच्या पठारावर गेल्या आणि घरी परतल्यावर त्यांनी मला दोन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत रस्त्याकडेच्या दोन झाडांमध्ये ताणलेलं भलंमोठं जाळं आणि त्यात तळहाताएवढा काळा-पिवळा कोळी. खाली लिहिलं होतं, "केवढा हा! असला कधीच पाहिला नाही. फार दुर्मिळ असणार ना? चावला तर माणूस दगावतो का?" दुसऱ्या फोटोत मुलाच्या बुटाशेजारी गवतात उभं असलेलं वीतभर रोपटं, आणि त्यावर नळीसारखं एक जांभळट फूल. खाली, "हे काहीतरी रानटी. पायाखाली येत होतं म्हणून फोटो काढला."

आता गंमत बघा. ताईंचे दोन्ही अंदाज बरोबर उलटे होते. तो कोळी आपल्याकडे अगदी सामान्य आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला नाहीतर बेंगळुरूला, जवळपास बऱ्यापैकी झाडी असेल तर पावसाळा सरताना तो तुम्हाला भेटू शकतो. आणि ते 'काहीतरी रानटी' मी वनस्पतीशास्त्रातल्या एका मित्राला दाखवलं, तर तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "त्या मुलाचा पुढचा पाय कुठे पडला, ते विचारलंस का?" सह्याद्रीची मोजकी पठारं सोडली तर जगात कुठेही न उगवणारं ते फूल होतं.

तर आज या दोघांना शेजारी शेजारी बसवू. एक कोळी, एक फूल. वाटतं, काय संबंध? पण दोघांचा धंदा एकच आहे. दोघंही सापळे लावून बसतात.

आधी कोळ्याकडे जाऊ, कारण त्याच्याबद्दलची भीती आधी घालवायला हवी. याला इंग्रजीत जायंट वुड स्पायडर म्हणतात, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. आपण वनकोळी म्हणू. फोटोत दिसते ती मादी. तिचं नुसतं शरीर तीन ते पाच सेंटीमीटर भरतं, आणि पाय पसरले की तळहात झाकला जातो. विष आहे, पण ते कीटकांसाठी. मुठीत धरून दाबलंत तर चावेल, काही वेळ ठणकेल. दगावायचा प्रश्न नाही. उलट आपण समोर आलो की ती जाळ्यात वरच्या बाजूला सरकते.

नर शोधायला मात्र चष्मा लावा. तो पाच-सहा मिलीमीटरचा. मादीच्या जाळ्यात कडेला एखादा तांबूस ठिपका दिसला तर ते तिचे यजमान. कधी कधी तो चक्क तिच्या पाठीवर चढून बसतो आणि तिच्या अंगावर रेशमाचे धागे पसरतो. त्याने ती शांत राहते असं अभ्यासकांना दिसलंय. शांत राहिली नाही तर काय होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

मराठीत एक मजा आहे. मासे धरणारा तो कोळी आणि माश्या धरणाराही कोळीच. दोघांचं जाळंही खरंच पाहण्यासारखं. वनकोळ्याचं जाळं मीटरभर किंवा त्याहून रुंद असतं, आणि त्याला आधार देणारे धागे या झाडापासून त्या झाडापर्यंत वाटेवरून आडवे गेलेले असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते सोनेरी दिसतं, आणि हे काही उपमेपुरतं नाही. तो धागाच पिवळा असतो. याच्याच नात्यातल्या मादागास्करच्या कोळ्यांच्या धाग्याचं विणलेलं सोनेरी कापड २००९ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मांडलं होतं. त्यासाठी १० लाखांहून अधिक कोळी धरावे लागले. धागा काढून घेतला आणि त्यांना परत सोडून दिलं. रेशमाच्या किड्याला एवढी माणुसकी कुणी दाखवत नाही, पण तो विषय वेगळा.

बागेतले पुष्कळ कोळी रोज जाळं गुंडाळून खातात आणि रोज नवं विणतात. आपली ही बाई एवढा मोठा डोलारा रोज मोडत नाही. फाटेल तेवढं दुरुस्त करते. घर मोठं असलं की डागडुजीवरच भागवावं लागतं, नाही का? अशा जाळ्यात फुलपाखरं, नाकतोडे, भुंगे, मधमाश्या अडकतात, आणि क्वचित एखादा चिमुकला पक्षीही सापडल्याच्या नोंदी आहेत.

पण ती नुसती वाट बघत बसते असं समजू नका. तिच्या अंगावरचे पिवळे पट्टे आठवा. तैवानमधल्या अभ्यासकांनी या जातीच्या माद्यांचे पट्टे रंग लावून झाकून पाहिले, तेव्हा जाळ्यात येणाऱ्या कीटकांची संख्या घटली. म्हणजे ते पट्टे कीटकांना बोलावतात. एखाद्या मधमाशीला हिरव्या झाडीत पिवळं काहीतरी दिसलं, तर तिच्या दृष्टीने ते फूल असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे कोळी फुलाचं सोंग घेतो. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते आपल्याला उलटं करायचंय.

आता फूल. या गटाला शास्त्रीय भाषेत सेरोपेजिया म्हणतात. मराठीत कंदीलपुष्प, आणि काही भागांत खरचुडी किंवा खरपुडी. सेरोपेजिया हे नाव लिनियसने दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचा कारंजा. त्याला त्या फुलात कारंजा दिसला, आपल्या लोकांना कंदील दिसला. खरं सांगायचं तर आपलं नाव जास्त नेमकं आहे. खाली फुगीर भांडं, त्यावर निमुळती नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाला एकमेकींना चिकटून पिंजऱ्यासारख्या. कंदिलाचा आकार डोळ्यांपुढे आणा, झालं.

भारतात या गटाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत. तुम्ही गुजरातेत, राजस्थानात किंवा मध्य प्रदेशात असाल तर सेरोपेजिया बल्बोसा ही वेल तुमच्याकडेही आढळते. पण यांतल्या अनेक जाती एकेका डोंगररांगेपुरत्या आहेत आणि त्यांचं सर्वांत मोठं माहेर आपला सह्याद्री. ताईंना भेटलं ते सेरोपेजिया जैनी. डॉ. एस. के. जैन या आपल्याकडच्या थोर वनस्पतीशास्त्रज्ञांचं नाव त्याला दिलंय, आणि ते विज्ञानाच्या दप्तरी दाखल झालं १९८० च्या सुमारास. म्हणजे सचिन तेंडुलकरपेक्षाही ते वयाने लहान! अर्थात कागदावर. पठारावर ते कधीपासून फुलतंय, ते पठारालाच माहीत.

हे वेल नाही, सरळ उभं राहणारं रोपटं आहे. जमिनीखाली छोटा कंद. उन्हाळाभर वर काहीही दिसत नाही. कासचं पठार उन्हाळ्यात पाहिलंय? जांभ्याचा तापलेला कातळ, त्यावर बोटभर माती, सुकलेलं गवत. त्या बोटभर मातीत कंद झोपलेला असतो. पहिले पाऊस झाले की कोंब येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल येतं, पुढे शेंग धरते, आणि थंडी पडेपर्यंत सगळा खेळ आटोपून पुन्हा जमिनीखाली. वर्षाचे जेमतेम चार महिने ते आपल्या जगात असतं.

आता या कंदिलाचा सापळा कसा चालतो ते बघू, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे.

कंदीलपुष्पांना मधमाश्या नकोत, फुलपाखरं नकोत. त्यांना हव्यात अगदी बारक्या माश्या, एक-दोन मिलीमीटरच्या, ज्यांना आपण चिलटं म्हणून हातानं वारून टाकतो. वासानं ओढली गेलेली अशी माशी पाकळ्यांच्या पिंजऱ्यावर उतरते. आतली भिंत मेणचट, घसरडी. पाय निसटतो आणि ती नळीत जाते. नळीच्या आत केस असतात आणि सगळे खाली रोखलेले. म्हणजे खाली जायला वाट आहे, वर यायला नाही. माशी फुगीर भांड्यात पोचते. तिथे खालच्या बाजूला भिंत पातळ असते, तिच्यातून उजेड येतो. अडकलेली माशी कुठे जाणार? उजेडाकडे. खिडकीवर आपटणारी माशी तुम्ही रोज पाहता. फुलाने तिची ही खोड बरोबर हेरलेली आहे. कारण त्या उजेडाच्या जागीच फुलाचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर जोडून बसलेले असतात.

हे रुईच्या कुळातलं फूल आहे. शनिवारी मारुतीला घालतो त्या माळेतली रुई. या कुळात पराग पिठासारखे मोकळे नसतात, त्यांच्या चिमुकल्या पुरचुंड्या असतात. दोन पुरचुंड्या एका चिमट्याला बांधलेल्या. माशी तिथला थेंबभर मध चाटायला सोंड घालते आणि तो चिमटा सोंडेला बसतो. बसला की सुटत नाही. मग साधारण एक दिवसाने नळीतले केस कोमेजतात, आतापर्यंत ताठ उभं असलेलं फूल कलतं, आणि माशी सोंडेला पुरचुंडी लटकवून बाहेर पडते.

इथे कोळ्यात आणि फुलात पहिला मोठा फरक येतो. कोळ्याच्या जाळ्यात आलेला कीटक मेला की काम झालं. फुलाला मेलेली माशी काही उपयोगाची नाही. ती जगली पाहिजे, बाहेर पडली पाहिजे आणि शहाणी होता कामा नये! कारण ती दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा फसली तरच पुरचुंडी योग्य खाचेत पोचणार आणि बी धरणार. कोळ्याचं एका शिकारीत भागतं. फुलाला तीच माशी दोनदा फसवावी लागते. हा हिशेब पुढे फार महाग पडतो, तिकडे येतोच.

त्याआधी तो वास. माश्या येतात तरी कशाला? याचं उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दिलं. ते आपल्या फुलावर झालेलं नाही, त्याच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भावंडावर झालंय. सेरोपेजिया सँडरसनाय, लोक हौसेने कुंडीत लावतात त्याला. युरोपातल्या आणि तिथल्या संशोधकांनी या फुलाचा वास रसायनांत मोडून पाहिला. तो कशाशी जुळला असेल? जखमी मधमाशीच्या वासाशी. मधमाशी कोळ्याच्या तावडीत सापडली, तडफडली, की तिच्या अंगातून काही द्रव्यं बाहेर पडतात. एरवी ही द्रव्यं इतर मधमाश्यांना धोका कळवण्यासाठी. पण त्यांच्यावर आणखी एक टोळी टपलेली असते. कोळी मधमाशी खात असताना तिच्या अंगातून झिरपणारा रस चाटायला बारक्या माश्या काही क्षणांत हजर होतात. कोळ्याच्या पंगतीला न बोलावता येणाऱ्या. कोळी त्यांना हाकलत बसत नाही, त्याच्यापुढे त्या फारच किरकोळ.

आणि याच फुकट्या माश्या त्या कंदीलपुष्पात सापडतात. फुलाने वास काढला आहे तो कोळ्याच्या ताटाचा.

आता ते मघाचं वाक्य उलटं करा. कोळी पिवळे पट्टे दाखवून फुलाचं सोंग घेतो, आणि हे फूल वास सोडून कोळ्याच्या जेवणाचं सोंग घेतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं होतं. तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.

सावध राहून सांगतो, आपल्या सेरोपेजिया जैनीचा वासही असाच आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक जातीची युक्ती वेगळी असू शकते. पण या गटातल्या भारतीय फुलांतही अशाच बारीक माश्यांच्या कुळांतल्या माश्या सापडल्या आहेत, एवढं पक्कं आहे. आणि एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सोंग चालतं ते मूळ गोष्ट आसपास असेल तरच. खोटी नोट तिथेच चालते, जिथे खरी नोट रोज हातात येते. कोळ्यांच्या पंगती उठत नसतील, तर त्या पंगतीला येणाऱ्या माश्या कुठून येणार, आणि त्या वासाचं खोटं कोण खरं मानणार? म्हणजे सँडरसनायसारख्या फुलाचा संसार कोळी आणि मधमाश्या यांच्यासारख्या, आपण ज्यांना 'काय नेहमीचंच' म्हणतो, त्यांच्या जिवावर चालतो.

आता मुख्य प्रश्न. दोघंही सापळेवाले, दोघंही हुशार, मग एक गावोगाव आणि दुसरं बोटावर मोजण्याइतक्या जागी, असं का?

डेबोरा रॅबिनोविट्झ नावाच्या अमेरिकन परिस्थितीकी अभ्यासक होत्या. त्यांनी १९८१ साली एक साधी मांडणी केली. म्हणाल्या, 'दुर्मिळ' हा एक शब्द आहे, पण त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. ही जात किती मोठ्या प्रदेशात आढळते? किती प्रकारच्या जागा तिला चालतात? आणि जिथे आहे तिथे तिची संख्या किती? प्रत्येकाची दोन उत्तरं धरली तर आठ खाने होतात. तिन्ही उत्तरं 'भरपूर' असतील तो एकच खाना सामान्यांचा. उरलेले सातही खाने या ना त्या अर्थाने दुर्मिळांचे.

वनकोळी बघा. भारतापासून जपानपर्यंत आणि खाली उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा मुलूख. जंगल चालतं, राई चालते, कॉफीचा मळा चालतो, मंदिरामागची देवराई चालते. दोन आधार आणि मधून उडणारे कीटक, एवढीच त्याची मागणी. आणि असतो तिथे भरपूर असतो. तिन्ही उत्तरं भरपूर.

मधलं उदाहरण म्हणून कारवी घ्या. जगाच्या नकाशावर तिचा प्रदेश छोटा, पण आहे तिथे डोंगरच्या डोंगर. एका प्रश्नात नापास, एकात पहिली. आपल्या जैनीची मात्र तिन्ही उत्तरं 'थोडं' अशी आहेत. मोजकी पठारं, त्या पठारांवरही ठरावीक मातीची जागा, आणि त्या जागेत विरळ रोपं.

इथेच तो महाग हिशेब येतो. कंदिलाला माशी दोनदा फसवावी लागते, हे आठवतं ना? आता समजा एका सड्यावर दोनशे रोपं आहेत. सुटलेली माशी थोडं उडाली की दुसरा कंदील भेटतो. त्याच सड्यावर वीसच रोपं उरली, तीही विखुरलेली, तर त्या दोन मिलीमीटरच्या माशीला दुसरा कंदील भेटण्याआधी तिचं आयुष्य संपेल. रोपं दहा टक्क्यांवर आली म्हणजे बी दहा टक्क्यांवर येईल असं नाही, ते त्याच्याही खाली जाईल. कमी असणं हेच आणखी कमी होण्याचं कारण बनतं. शेंगा कमी धरणं ही या गटाची जुनीच तक्रार आहे. कोळ्याला ही अडचण नाही. शेजारी कोळी असो नसो, जाळ्यात माशी आली की जेवण झालं. जोडीदार मात्र त्यालाही लागतोच, म्हणून ते 'यजमान' जाळ्याच्या कडेला ताटकळत असतात.

पुढच्या पिढीच्या प्रवासाचंही तसंच. वनकोळ्याची मादी जमिनीत छोटा खड्डा करून त्यात शेकडो अंडी घालते आणि वरून पालापाचोळा सारते. कोळ्यांच्या पिल्लांची एक जुनी युक्ती आहे. उंच टोकावर चढायचं, पोट वर करून धागा हवेत सोडायचा आणि वाऱ्यावर स्वार व्हायचं. डार्विनने १८३२ साली बीगल जहाजावर किनाऱ्यापासून साठ मैलांवर अशी चिमुकली कोळ्यांची पिल्लं दोरखंडांवर उतरलेली पाहिली होती. आणि कंदीलपुष्पाची शेंग उकलली की काय निघतं? म्हातारी! लहानपणी जिच्यामागे आपण पळायचो तीच, रेशमी केसांचा झुबका लावलेलं बी. दोघंही रेशमाच्या जोरावर वाऱ्याने जातात. फक्त पोचण्यात फरक. कोळ्याचं पिल्लू दोन फांद्यांमध्ये कुठेही उतरलं तरी संसार मांडतं. म्हातारी पठाराची कड ओलांडून खालच्या दरीच्या जंगलात गेली, की ते बी संपलं. पठारं म्हणजे ढगांच्या उंचीवरची बेटं आहेत, आणि बेटाबाहेर तिच्यासाठी समुद्रच.

इथवरचं सगळं माणूस नसतानाही खरं होतं. दुर्मिळ असणं हा गुन्हाही नाही आणि आजारही नाही. ही फुलं अशीच थोडकी राहून टिकली आहेत. संकट आलं ते नंतर. पठारावर वाहन चढेल असा रस्ता झाला, जांभ्याच्या खाणी निघाल्या, पवनचक्क्या उभ्या राहिल्या, रिसॉर्ट आले. यांतल्या काही जातींचे कंद माणसं खातात, साळिंदर आणि रानडुक्करही उकरतात. साळिंदर पूर्वीही उकरायचं, पण तेव्हा उकरायला पुष्कळ होतं. गुरांचं काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कासच्या पठारावर कुंपण घातलं तेव्हा बरं वाटलं. मग काही जण म्हणू लागले की चराई थांबल्याने गवत माजलं आणि बुटकी फुलझाडं त्यात दबली. मला स्वतःला दुसऱ्या मतात तथ्य वाटतं. या पठारांवर गुरं आणि धनगरांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आलेत, ते एकदम बाजूला काढून पठार 'मूळ' होत नाही. पण किती चराई हवी आणि कुठल्या महिन्यात, हे पठारागणिक बघावं लागेल.

चांगली बातमीही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं या गटावर काम केलंय. दुर्मिळ जातींची रोपं वाढवली आणि त्यांच्या मूळ जागी नेऊन लावली. आणि अजूनही नवे कंदील सापडतात. २०२३ मध्ये विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या जातीला शिवरायांचं नाव दिलं गेलं, सेरोपेजिया शिवरायीना. किल्ल्यांचे कडे या फुलांना मानवतात. जिथे गुरं पोचत नाहीत आणि माणूस एका हाताने दगड धरून असतो, तिथे तो दुसऱ्या हाताने कंद उकरू शकत नाही.

कुणी विचारेल, मग कोळ्याची काळजी करायचं कारणच काय? झाडू मारला तर बिघडलं कुठे? एक जाळं मोडल्याने वनकोळी संपणार नाही, हे खरं. पण सामान्य गोष्टी कमी व्हायला लागल्या तर ते लक्षात येत नाही, ही अडचण आहे. जैनीची रोपं मोजायला माणसं दर पावसाळ्यात पठारं पालथी घालतात. वनकोळी तुमच्या कॉलनीत दहा वर्षांपूर्वी किती होते, सांगू शकाल? मीही सांगू शकत नाही. आमच्या जुन्या घराच्या मागे पेरूच्या झाडाजवळ दर दसऱ्याला दोन-तीन जाळी असायची. आता तिथे पार्किंग आहे. ती जाळी नक्की कुठल्या वर्षी दिसेनाशी झाली, घरात कुणालाच आठवत नाही. म्हणून यंदा सप्टेंबर-ऑक्टोबरात एक काम करा. आपल्या नेहमीच्या फिरण्याच्या वाटेवर वनकोळ्याची जाळी मोजा आणि आकडा वहीत लिहा, तारखेसकट. पुढच्या वर्षी पुन्हा. जमलं तर मुलांना मोजायला लावा, त्यांचे डोळे चांगले असतात.

ताईंना मी उत्तर लिहिलं. कोळ्याला हात लावू नका, पण घाबरूही नका. वाटेवर जाळं असेल तर खालून वाकून जा. फुलाबद्दल सविस्तर लिहिलं, बुटाचं थोडं कमी शब्दांत लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं, की मुलगा ऐकून रडवेला झालाय आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी जाऊन रोप आहे का ते बघायचं म्हणतोय. मी म्हटलं, जरूर जा, पण वाटेवरूनच बघा. आणि एक विनंती केली. त्यांनी तो फोटो समाजमाध्यमावर टाकला होता, नेमक्या जागेच्या नकाशासकट. अशा नकाशावरून कंद उकरून नेणारे हौशी लोक असतात, आणि नुसते फोटो काढायला गर्दी झाली तरी शंभर बुटांचं काय करायचं? ताईंनी त्याच संध्याकाळी जागा काढून टाकली. आता त्या फोटोखाली फक्त 'सह्याद्री' एवढंच आहे.

कोळ्याच्या फोटोखालचा नकाशा तसाच ठेवायला सांगितलंय. तो कुणीही जाऊन बघावा.